'थांबा' म्हणायला लागणारा वेळ

माझ्या सासऱ्यांनी वेळेवर केलेला शेवटचा विनोद माझ्यावरच होता. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सने विचारलं, "आजोबा, कसली ॲलर्जी वगैरे?" तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवा पंजा वर गेला आणि घोगऱ्या आवाजात उत्तर आलं, "थांब, थांब, थांब. लिहून घे. सूनबाईच्या चहाची." नर्स हसली, शेजारच्या पलंगावरचा माणूस हसला, माझा नवराही निर्लज्जासारखा हसला. मी म्हटलं, "बाबा, उद्यापासून तोच मिळणार आहे, नळीतून." यावरही त्यांच्याकडे काहीतरी तयार होतं, पण तेवढ्यात डॉक्टर आले. दुसऱ्या दिवशी त्यांचं स्वरयंत्र काढलं.

तो पंजा आणि ते तीनदा 'थांब' ही त्यांची जुनी सवय. समोरचा बोलत असतानाच पंजा वर जायचा, तीन थांब व्हायचे, आणि तिसऱ्या थांबपर्यंत उत्तर तयार असायचं. सगळी नोकरी मानपाड्याला एका रंगाच्या कारखान्यात गेली. तिथल्या यंत्रांच्या गोंगाटात लांबलचक बोलून चालायचं नाही, जे काय ते थोडक्यात आणि मोक्यावर. मी साताऱ्याकडची. लग्नाआधी आईने बजावलं होतं, सासऱ्यांना उलट बोलू नकोस. आठवडाभर मी गप्प बसले. मग एका सकाळी ते म्हणाले, "सूनबाई मुकी आहे हे बघायच्या वेळी सांगितलं नव्हतं," आणि माझं तोंड उघडलं ते कायमचं. सासूबाई म्हणायच्या, "तुमच्या दोघांच्या नादात माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात."

ऑपरेशननंतर ते गळ्याच्या भोकातून श्वास घ्यायला लागले. त्यावर पातळ रुमाल बांधायचे, तोही इस्त्री केलेला. हॉस्पिटलने गळ्याला टेकवून बोलायचं बॅटरीवरचं एक यंत्र दिलं होतं. ते त्यांनी घरी एकदाच लावलं, त्यातून निघालेला घर्रर आवाज ऐकला, वर्तमानपत्राच्या कडेला 'कारखान्याचा भोंगा परवडला' असं लिहिलं आणि यंत्र खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. मग मी म्हटलं, मी करते काहीतरी.

करते म्हणायला मला थोडाफार हक्क होता. ठाण्याला कोलशेतच्या एका ऑफिसात माझं कामच ते आहे. प्रोग्राममध्ये छोटी छोटी फंक्शन्स असतात, प्रत्येकाला एक काम नेमून दिलेलं. एखादा प्रोग्राम रेंगाळायला लागला की त्यातलं कोणतं फंक्शन किती वेळ खातंय ते मी मोजते. फंक्शन सुरू झालं की घड्याळ बघायचं, संपलं की परत बघायचं, आणि मधला वेळ मांडायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण मोजण्याआधीच सगळ्यांना चोर माहीत असतो, आणि मोजल्यावर तो भलताच निघतो, म्हणून मला या कामाचा पगार मिळतो. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे वाक्य मी ऑफिसात इतक्यांदा म्हटलंय की मागून माझी नक्कल करतात.

तर मी बाबांच्या फोनसाठी एक ॲप लिहिलं. मराठीत टाइप करायचं, 'बोल' दाबायचं, फोन बोलतो. आवाज बाहेरच्या एका सर्व्हरवरून यायचा. पुरुषाचा, शांत, शुद्ध, बातम्या सांगणाऱ्यासारखा. घरी सगळ्यांना आवडला. बाबांनी पहिलं वाक्य टाइप केलं, "चहा नको." सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं काम.

आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीमागे एक सिमेंटचा बाक आणि काही प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. संध्याकाळी तिथे म्हाताऱ्यांची बैठक भरते. तळमजल्यावरचे काका, निवृत्त शिक्षक, हे तिथले मुख्य वक्ते, आणि बाबा त्यांना टोलवणारे. वर्षानुवर्षं हा सामना चालू होता. बाबा फोन घेऊन खाली जायला लागले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पण त्यांना यायला लागलेलं अपयश मला दिसत नव्हतं, कारण मी त्या वेळी ऑफिसच्या गाडीत शिळफाट्याच्या आसपास अडकलेली असायचे.

ते दिसलं एका संध्याकाळी, गाडी चुकून लवकर पोचली तेव्हा. मी गेटातून आत येत होते. काका तावातावाने सांगत होते, की त्यांची हाताची खुर्ची कोणीतरी रोज सरकवतं. बाबांनी हसत मान खाली घातली आणि टाइप करायला लागले. तेवढ्यात बाकावरच्या एकांना फोन आला. त्यांनी ऐकलं, फोन खिशात ठेवला आणि सांगितलं, की मागच्या विंगमधले नाना, जे याच बैठकीत बसायचे आणि काही दिवसांपासून हॉस्पिटलात होते, ते गेले. बाकावरच्यांनी हात जोडले. आणि त्या शांततेत बाबांचा फोन बातम्यांच्या आवाजात बोलला, "खुर्ची रिकामी झाली की कळवा. मी टपूनच बसलोय."

बाबांनी दोन्ही हात वर केले, जोरजोरात मान हलवली, तोंड उघडलं. आली फक्त हवा, तीही गळ्याच्या भोकातून. सगळ्यांना कळलं काय झालं ते. काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे हो, असू दे." त्या 'असू दे'ने बाबा जेवढे खचले तेवढे डॉक्टरच्या रिपोर्टनेही खचले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चपला घातल्या, दाराशी थोडा वेळ उभे राहिले, चपला काढल्या आणि बाल्कनीतल्या खुर्चीत येऊन बसले. तिसऱ्या दिवशी चपलाही घातल्या नाहीत.

सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, हे खाली गेले नाहीत तर संपलेच बघ. ह्यांना औषध नको, जेवण नको, समोर चार माणसं हवीत हसायला. तुझं ते जे काय आहे ना, ते लवकर बोलायला लाव."

लावते म्हटलं. मी प्रत्येक फंक्शनच्या दोन्ही टोकांना घड्याळ लावलं. एक फंक्शन वाक्य तोडतं, एक आकडे असतील तर त्यांचे शब्द करतं, एक आवाज आणतं, एक तो वाजवतं. मग तपासायला वाक्यं लिहिली. 'पाणी द्या.' 'दिवा लावा.' 'औषध घेतलं.' 'मला बरं वाटत नाही.' 'जेवण झालं.' ही वाक्यं मी फोनकडून परत परत वदवून घेतली. अख्खं घर कंटाळलं. नवरा म्हणाला, "अगं, दे ना त्याला एकदाचं पाणी." आकडे समोर आले आणि सगळे उत्तम. 'बोल' दाबायचा अवकाश, फोन बोलायचा. कोणीच रेंगाळत नव्हतं.

आकडे वाईट आले की मला बरं वाटतं, कारण पुढे काय करायचं ते कळतं. आकडे चांगले आणि माणूस बाल्कनीत तोंड फिरवून बसलेला, याचं काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. माझी नुसती चिडचिड व्हायला लागली. आकड्यांचे शब्द करणारं फंक्शन जरा जड वाटलं, म्हणून एक अख्खा रविवार घालवून ते नव्याने लिहिलं. डोंगर पोखरला आणि उंदीरही धड निघाला नाही. बाबा बोलताना आकडे वापरतच नाहीत.

मग मी टाकीमागच्या रेंजवर संशय घेतला. फोन हातात उंच धरून बाकाभोवती फेऱ्या मारल्या. वॉचमनने विचारलं, "मॅडम, काय हरवलं काय?" रेंज थोडी कमी होती, पण होती. बाबांनी बाक सोडून गेटाजवळ बसावं असं मी सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय सोडला. नवऱ्याचं एकच पालुपद.

"नवा फोन घेऊया ना बाबांना."

"अरे, फोनला काय झालंय?"

"मग कशाला काय झालंय?"

"ते माहीत असतं तर मी इथे झक मारत बसले असते का?"

तो टीव्ही लावून बसला. मला त्याच्यावर चिडायचं नव्हतं, पण तोच हाताशी होता.

त्याच आठवड्यात ऑफिसात एका ग्राहकाची तक्रार आली, की आमचा प्रोग्राम अडखळतो. टीम लीडने सरासरीचा तक्ता उघडून दाखवला. सगळं हिरवं. तो माझ्यापेक्षा बराच लहान आहे, मला 'ताई' म्हणतो आणि ऐकत काहीच नाही. म्हणाला, "ताई, ॲव्हरेज मस्त आहे ना." मी सगळ्यांसमोर खेकसले, "तुझी सरासरी घेऊन जा आणि त्या माणसाला दे ओवाळायला. ज्याचं अडलंय तो सरासरीत बसत नाही." टाळ्या वगैरे पडल्या नाहीत, मीटिंग संपली. परत येताना गाडी कल्याण-शीळ रस्त्यावर पलाव्याच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या घरचा तक्ताही हिरवाच आहे. माणूस मात्र अडलेला आहे. अंगाचा तिळपापड झाला, आणि या वेळी समोर रागवायला मीच होते.

शनिवारी सकाळी मी स्टूल घेऊन बाबांसमोर बाल्कनीत बसले. म्हटलं, "बाबा, जरा वेळ द्या मला. ही वाक्यं टाइप करा, मी बघते कुठे अडतंय ते." त्यांनी माझी वाक्यं वाचली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पहिलं वाक्य टाइप करून 'बोल' दाबलं. "पाणी द्या," फोन ताबडतोब म्हणाला. दुसरं. "दिवा लावा." तेही ताबडतोब.

"बघा!" मी म्हटलं. "बोलतोय की लगेच. तुम्हीच उगाच..."

त्यांचा चेहरा बदलला. वाकून, एकेक अक्षर ठोकत त्यांनी काहीतरी लांब टाइप केलं आणि बोट दाबून धरावं तसं 'बोल' दाबलं. पडद्यावर ते गोल चक्र आलं. फिरायला लागलं. बाबा माझ्या डोळ्यांत बघत होते, कपाळाची शीर तट्ट, आणि आमच्या दोघांच्या मधे ते चक्र फिरत होतं. माणूस रागाने किती वेळ एकटक बघू शकतो? चक्र थांबेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचा राग ओसरून तिथे नुसता थकवा उरला होता. मग फोन शांतपणे, शुद्ध उच्चारात म्हणाला, "ही वाक्यं आजाऱ्याची आहेत. मी आजारी नाही. मी मुका आहे. पाणी मी उठून घेतो."

मला आधी रागच आला. इतकी खपतेय आणि वर हे. "अहो पण मी तुमच्यासाठीच..." म्हणत उठले, आणि मधेच थांबले. ते चक्र. माझ्या वाक्यांना कधीच आलं नव्हतं ते चक्र.

कारण साधं होतं, आणि मीच लिहिलेलं होतं. एकदा बोललेलं वाक्य फोन साठवून ठेवायचा, परत लागलं तर हाताशी असावं म्हणून. माझं 'पाणी द्या' शेकडो वेळा बोलून झालेलं, ते फोनमध्येच पडून होतं. घरातल्या डब्यातून साखर काढायला किती वेळ लागतो ते मी मोजत होते, आणि बाबांना दर वेळी दुकानात जावं लागत होतं. त्यांचं प्रत्येक वाक्य नवं. ते बाहेरच्या सर्व्हरपर्यंत जायचं, तिथे त्याचा आवाज बनायचा, आणि तो परत यायचा. हजरजबाबी माणूस एकच वाक्य दोनदा बोलत नाही, बोलला तर त्याला हजरजबाबी कोण म्हणेल? मी तपासायला बसले तेव्हा माझ्या डोक्यात हॉस्पिटलच्या पलंगावरचा माणूस होता. टाकीमागे बसणारा माणूस माझ्या एकाही वाक्यात नव्हता.

उपाय होता. फोनच्या आत एक मराठी आवाज असतो, त्याला बाहेर जावं लागत नाही, दाबलं की बोलतो. मी त्यावर मोजलं, या वेळी दर खेपेला नवं वाक्य घालून, अगदी शिव्याही घालून. चक्र नाही, काही नाही. पण त्या आवाजाबद्दल बाबांना कसं सांगायचं ते कळेना. तो बाईचा होता. जरा नाकातला, जरा फाटका, रेशनच्या रांगेत पुढच्याला हटकणाऱ्या बाईसारखा. दोन दिवस मी ते लपवून ठेवलं. मग जेवणं झाल्यावर म्हटलं, "बाबा, वेळेवर बोलणारा आवाज मिळालाय, पण..." आणि वाजवून दाखवला.

"अगं बाई, ही कोण?" सासूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

नवऱ्याला मात्र हसू आलं नाही. "काय हे? बाबा, खाली हे नको. लोक हसतील."

बाबांनी फोन ओढून घेतला आणि टाइप केलं. बोट उचलायच्या आत ती बाई म्हणाली, "हसावं म्हणूनच तर खाली जातो."

प्रश्न सुटला असं मला परत एकदा वाटलं, आणि परत एकदा तो सुटला नव्हता. बाबा खाली जाईनात. आधी घरात सराव, असं खुणेने सांगितलं. रोज रात्री जेवताना आम्ही बोलायचो आणि ते टोला मारायला फोन उचलायचे. ते टाइप करायला लागले की आम्ही तिघंही गप्प व्हायचो आणि फोनकडे बघत बसायचो, पोटात दुखणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. त्यांची बोटं अक्षरं शोधायची, जोडाक्षराशी अडायची. मग बाई बोलायची, आणि आम्ही हसायचो. आदबीने. आयुष्यभर खरं हसू कमावलेल्या माणसाला आदबीचं हसू ओळखू येणार नाही का? ते फोन पालथा घालून ठेवायचे आणि भात कालवायला लागायचे.

आता मात्र मी टेकीला आले. माझी सगळी घड्याळं सांगत होती की वेळ लागतच नाही. बरोबरच होतं. माझं पहिलं घड्याळ 'बोल' दाबल्यावर सुरू व्हायचं. त्यांचा विनोद त्याच्या कितीतरी आधी, समोरचा बोलत असताना सुरू व्हायचा आणि बोटांपाशी मरायचा. हे कोणत्या फंक्शनमध्ये धरायचं? बोटं मी नव्याने लिहू शकत नव्हते. वैतागून मी बोलून गेले, "बाबा, जरा भरभर टाइप करा ना! तुम्ही ते एकेक अक्षर..."

त्यांचा उजवा पंजा वर गेला. ओठ तीनदा हलले. आवाज नाही.

आणि मी गप्प झाले. सासूबाईंचा घास हातात राहिला. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, पुढचं ऐकायला. फोनकडे कोणी बघत नव्हतं.

त्यांचं उत्तर पूर्वीही लगेच तयार नसायचं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं भांडूनही कळलं नव्हतं. लगेच यायचं ते फक्त 'थांब'. तेवढ्याने समोरच्याचं बोलणं तुटायचं, चार माना वळायच्या, आणि उत्तर जुळवायला त्यांना फुरसत मिळायची. ऑपरेशनने आवाज नेला, त्याबरोबर ती फुरसतही गेली. मी पूर्ण वाक्याचा वेळ कमी करत बसले होते. पहिला शब्द लगेच निघाला असता, तर बाकीच्या वाक्याने खुशाल वेळ घेतला असता तरी चाललं असतं.

ॲपमध्ये एक मोठं लाल बटण केलं. टाइप करायच्या आधीच दाबायचं, ते फक्त 'थांबा, थांबा, थांबा' म्हणणार. ते करताना मला जास्तीचं शहाणपण सुचलं. माझ्या फोनमध्ये बाबांनी पाठवलेला एक जुना आवाजी मेसेज होता. मी कुठेतरी ट्रॅफिकमध्ये अडकले होते तेव्हाचा. "थांब, थांब, थांब. आधी सांग, येताना दही आणतेयस की नुसती कारणं?" त्यातले पहिले तीन शब्द मी कापून घेतले आणि बटणाला जोडले.

बाबांसमोर बटण दाबलं. स्वयंपाकघरात सासूबाईंनी गॅस बंद केला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी मला खूण केली, परत. मी परत दाबलं. ते बराच वेळ आपल्या रुमालाच्या कडेला हात लावून बसले. मग फोन घेतला, आणि ती नाकातली बाई बोलली, "तो गेला. जी आहे तिलाच बोलू दे."

मी त्यांचे ते तीन शब्द बटणावरून काढून बाईचे घातले. मेसेज काढला नाही. माझ्या नाकाचा शेंडा लाल झाला होता तो सासूबाईंनी पाहिला आणि परत गॅस लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी चपला घातल्या. इस्त्रीचा रुमाल, केस विंचरलेले. मी कोथिंबीर आणायचं निमित्त काढून त्यांच्या मागे गेले. घरात कोथिंबिरीची जुडी होती. टाकीमागे सगळे होते. "या, या," काका म्हणाले, जरा जास्तच मऊ आवाजात, आणि बाकावर त्यांना ऐसपैस जागा करून दिली. बाबा बसले. नानांचा विषय कोणी काढला नाही. काका पंपाचं सांगायला लागले, कमिटीला अक्कल नाही, मोटर कशी जळते, वगैरे. बाबा ऐकत होते. अंगठा फोनवर होता. मी टाकीच्या कोपऱ्याशी थांबले.

"थांबा, थांबा, थांबा!"

सगळे दचकले. एक आजोबा तर मागे वळून बाई कुठे आहे ते शोधायला लागले. बाबांचा पंजा वर होता. काकांच्या चेहऱ्यावरचा तो मऊपणा गेला, मिशीखाली जुनं हसू आलं.

"अहो, हे कोण बोललं? तुमची बायको की सून?"

बाबांनी एक हात तसाच वर ठेवून दुसऱ्याच्या अंगठ्याने टाइप करायला सुरुवात केली. एकेक अक्षर. मी सवयीने मनात मोजायला लागले, पण मोजायचं राहूनच गेलं, कारण मी त्या लोकांकडे बघत होते. कोणी फोनकडे बघत नव्हतं. कोणी 'असू दे' म्हणत नव्हतं. काका पुढे झुकून बसले होते, आपल्यावर काय पडणार त्याची वाट बघत, आणि बाकीच्यांचं हसू ओठापर्यंत येऊन थांबलेलं होतं. जोडाक्षर आलं, अडलं, सुटलं. अंगठा खाली आला.

"सून," ती बाई ठणकावून म्हणाली. "घरात तिच्यापुढे कोणाचा आवाज चालत नाही. शेवटी मीही तिचाच घेतला."

काकांनी मांडीवर थाप मारली. एकाला हसता हसता ठसका लागला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, आणि बाबांनी पंजा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं, भुवई वर करून. बोल आता. तुझी पाळी.

मी तोंड उघडलं. जिच्यापुढे कोणाचा आवाज चालत नाही त्या माझ्या तोंडून शब्द फुटेना. "कोथिंबीर आणायचीय," असं काहीतरी पुटपुटले आणि गेटाकडे जायचं सोडून जिन्याकडेच वळले. मागे हशा वाढला.

उत्तर सुचलं ते दुसऱ्या मजल्यावर. काय झणझणीत उत्तर होतं! बाबांनाही निरुत्तर केलं असतं. मी चार पायऱ्या उतरलेही. पण खालून परत ते 'थांबा, थांबा, थांबा' ऐकू आलं. त्यांचा विषय पुढे गेला होता.